शून्यलब्धी

प्रश्न जुना आहे आणि दिसायला साधा आहे. १८ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस पत्रा घ्यावा. त्याच्या चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे लहान चौरस कापून टाकावेत. उरलेल्या चार कडा वर दुमडाव्यात, म्हणजे झाकण नसलेली एक पेटी तयार होते. कोपऱ्यांतून केवढा चौरस कापला असता या पेटीत सर्वांत अधिक माल मावेल? उच्च माध्यमिक वर्गाच्या गणितात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. पत्र्याचे माप बदलते, कधी पत्र्याऐवजी पुठ्ठा येतो, कधी चौरसाऐवजी आयत येतो. पण कापणे, दुमडणे आणि अधिकाधिक मावेल असे पाहणे, हे त्याचे रूप बदलत नाही. लोककथेसारखा तो एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो आणि प्रत्येक मुलाला तो आपल्यालाच प्रथम विचारला जात आहे असे वाटते.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी एक गणिताचे शिक्षक हा प्रश्न सुमारे तीस वर्षे शिकवीत होते. त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. फळ्यावर उजव्या कोपऱ्यात चौरस काढायचा, त्याच्या चार कोपऱ्यांत खडूने चार लहान चौरस भरायचे, आणि कापायच्या बाजूला ‘क्ष’ म्हणायचे. पेटीची उंची क्ष. तळाची बाजू १८ वजा २क्ष. म्हणून घनफळ चार गुणिले क्ष गुणिले (९ − क्ष) चा वर्ग. मग ते एक क्षण थांबत, आणि पुढची पायरी सांगत : ‘आता अवकलन करा आणि शून्याशी समान ठेवा.’ अवकलन केले की बारा गुणिले (९ − क्ष) गुणिले (३ − क्ष) असे मिळते. ते शून्य व्हायचे तर क्ष एक तर ९ असला पाहिजे किंवा ३. कोपऱ्यांतून नऊ-नऊ सेंटिमीटर कापले तर पत्राच उरत नाही. म्हणजे ते उत्तर सर्वांत रिकाम्या पेटीचे. राहिले ३. दुसऱ्यांदा अवकलन केले की ३ या ठिकाणी ऋण संख्या मिळते, म्हणून तेथे घनफळ महत्तम. ते ४३२ घन सेंटिमीटर. खाली दुहेरी रेघ. विद्यार्थी ती पाच-सहा पायऱ्यांची शिडी वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तशीच उभी करीत. अवकलन शून्याशीच का समान ठेवायचे, असे क्वचितच कोणी विचारी. विचारलेच तर सर म्हणत, ‘शिखरावर चढ नसतो आणि उतारही नसतो.’ हे उत्तर खरे होते, आणि ते देऊन सुटकाही होत असे.

१९८४ साली सहामाही परीक्षेत त्यांनी हाच प्रश्न घातला. त्यावर पाच गुण ठेवले आणि प्रश्नातच स्पष्ट लिहिले, की तो अवकलनाचा उपयोग करून सोडवावा. तपासताना एका उत्तरपत्रिकेपाशी त्यांचा हात थांबला. मुलगा जवळच्या खेड्यातून येणारा, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा आणि कधी तोंड न उघडणारा. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की गणिताची भाषा एका रात्रीत इंग्रजी होते. त्या रात्रीनंतर जी मुले गप्प होतात त्यांपैकी हा एक. त्याने अवकलन केलेच नव्हते. घनफळाचे सूत्र बरोबर मांडून त्याने त्याचे तीन भाग पाडले होते : दोन क्ष, नऊ वजा क्ष, आणि पुन्हा नऊ वजा क्ष. या तिघांची बेरीज करून त्याने शेजारी १८ लिहिले होते आणि त्याभोवती वर्तुळ काढले होते. पुढचे वाक्य इंग्रजीत सुरू होऊन मध्येच अडले होते. ते खोडून त्याने मराठीत लिहिले होते, की बेरीज बदलत नाही, म्हणून तिन्ही भाग सारखे झाले की गुणाकार सर्वांत मोठा. तीन भाग सारखे म्हणजे प्रत्येकी ६, म्हणून क्ष बरोबर ३, घनफळ ४३२.

सरांनी त्या उत्तरावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तांबडी रेघ ओढली आणि समासात शून्य लिहिले.

उत्तरपत्रिका वाटल्यानंतर मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत येण्याचे धाडस त्याला झाले नाही. सरांनीच ‘काय रे?’ म्हणून विचारले, तेव्हा त्याने पान पुढे केले. ‘सर, उत्तर चुकलंय का?’ सर म्हणाले, ‘उत्तर नाही, रीत चुकली. अवकलनाने कर म्हटलं होतं ना?’ मुलाने मान हलवली. ‘मग बोर्डात असं लिहिलंस तर तिथंही शून्यच पडेल. आत्ता पडलेलं बरं.’ मुलाने पुन्हा मान हलवली, पान दुमडून खिशात ठेवले आणि तो गेला. पुढच्या जूनमध्ये तो वर्गात दिसला नाही. त्याने शाखा बदलली, की शिक्षणच सोडले, की घरी काही अडचण होती, हे सरांनी विचारले नाही. एका शून्याने कोणाचे आयुष्य वळते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. खेड्यातल्या मुलाने शाळा सोडण्याची कारणे पाच गुणांच्या प्रश्नापेक्षा बहुधा मोठी असतात. पण त्या कारणांत आपली तांबडी रेघ नव्हती, असेही सरांना पुढे कधी ठामपणे म्हणता आले नाही.

सरांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते बोलले पाहिजे. परीक्षा ही केवळ उत्तराची नसते, साधनाचीही असते. तालमीत पहिलवानाला एखादा डाव शिकवला आणि त्याने तो न करता नुसत्या अंगबळाने गडी चीत केला, तर वस्ताद खूष होत नाही. कारण उद्या अधिक बळाचा गडी समोर येणार आहे. अवकलन हा असा डाव आहे. तीन भागांची बेरीज कायम राहणे हा या प्रश्नातला योगायोग आहे. तो प्रत्येक प्रश्नात लाभत नाही. एखाद्या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिथमला त्याच संख्येने भागले असता भागाकार सर्वांत मोठा केव्हा होईल, असे विचारले, तर भाग सारखे करण्याची युक्ती तेथे जागच्या जागी बसते. अवकलन मात्र दोन ओळींत सांगते, की ती संख्या ई, म्हणजे सुमारे २.७१८. एकच किल्ली अनेक कुलुपांना लागावी, हेच या शास्त्राचे सामर्थ्य. गॉटफ्रीड लायब्निझने १६८४ साली या विषयावरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच महत्तम, लघुतम आणि स्पर्शरेषा यांच्यासाठी नवी रीत असे शब्द होते. ज्या प्रश्नावर सर अवकलन शिकवीत, त्या जातीच्या प्रश्नांसाठीच ते शास्त्र जगापुढे आले होते. ती रीत मुलांच्या हाती यावी हा सरांचा आग्रह चुकीचा नव्हता. चुकीचे होते ते दुसरे काही. आणि ते कळण्यास त्यांना वीसहून अधिक वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकात मराठीने या शास्त्राला एक नाव दिले होते : शून्यलब्धी. मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर यांच्या ग्रंथसंपदेत शून्यलब्धीवरच्या पुस्तकाची नोंद केली जाते. १८३२ साली ‘दर्पण’ आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ सुरू करणाऱ्या, आणि १८४६ साली ऐन उमेदीत निधन पावलेल्या या पंडिताला गणित मराठीत आणणे हे पत्र चालवण्याइतकेच निकडीचे वाटले होते. पुढे परिभाषा बदलली. अवकलन, विकलन, कलन असे शब्द आले आणि शून्यलब्धी कोशात जाऊन बसली. नवे शब्द अधिक शिस्तीचे आहेत, यात शंका नाही. पण जुन्या शब्दात एक गोष्ट होती, जी नव्यात नाही : तो काय घडते ते सांगत होता. दोन राशींतले अंतर कमी कमी करीत शून्यापाशी न्यायचे, आणि तेथे जे हाती लागते ती लब्धी. अंतर नाहीसे होते, तरी त्याचे गुणोत्तर नाहीसे होत नाही. हा सारा विषय त्या शब्दात बीजरूपाने होता. सरांना हा शब्द निवृत्तीनंतर प्रथम भेटला, तेव्हा त्यांना त्याचा दुसरा, क्रूर अर्थही तत्काळ सुचला. समासात शून्य मिळवून गेलेल्या त्या मुलाचीही शून्यलब्धीच झाली होती.

त्याहून मागे गेले तर वाट आणखी जवळून जाते. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. ग्रहाची एका दिवसाची गती धरली तर ती स्थूल ठरते. म्हणून त्या क्षणाची, तात्कालिक गती धरावी, असा विचार त्यात आहे. आणि ग्रहाच्या मध्यम व स्पष्ट स्थानांतला फरक ज्या ठिकाणी सर्वांत मोठा होतो, त्या ठिकाणी गतीत करावयाचा फेर शून्य होतो, हेही त्यांनी नोंदवले आहे. ‘शिखरावर चढ नसतो आणि उतारही नसतो’ हे सरांचे वाक्य ग्रहगणिताच्या भाषेत तेथे उभे आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केला. त्याची नोंद करणारा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. याचा अर्थ लायब्निझचे सारे शास्त्र येथे आधीच होते, असा नाही. एका मर्मस्थानी दृष्टी पोचणे वेगळे आणि त्या दृष्टीची सर्वत्र चालणारी रीत बनवणे वेगळे. तरीही दृष्टी पोचली होती, हे विसरण्याचे कारण नाही. त्या शिलालेखाच्या मुलखापासून फार दूर नसलेल्या एका वर्गात हा विषय वर्षानुवर्षे शिकवला गेला, आणि भास्कराचार्यांचे नाव तेथे एकदाही निघाले नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात चाळता चाळता, सरांच्या हाती १८५९ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकाची प्रत आली. महत्तम आणि लघुतम यांचे प्रश्न, बीजगणिताने सोडवलेले, असा त्याचा विषय. लेखक रामचंद्र, दिल्ली कॉलेजातले शास्त्रविषयांचे शिक्षक. मूळ आवृत्ती १८५० ची, कलकत्त्याची, लेखकाने स्वतःच्या खर्चाने छापलेली. ‘अवकलन न वापरता’ असा त्या शीर्षकाचा अर्थ ध्यानात येताच सर जवळच्या खुर्चीवर बसले आणि ग्रंथालय बंद होण्याची घंटा होईपर्यंत उठले नाहीत.

मास्टर रामचंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गृहस्थांचा जन्म १८२१ सालचा, पानिपतचा. वडील लहानपणीच वारले. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. वधू मुकी-बहिरी होती. शिष्यवृत्तीवर शिकून १८४४ साली ते दिल्ली कॉलेजच्या प्राच्य विभागात शिक्षक झाले. तेथे पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूतून शिकवली जात. त्यासाठी पुस्तके भाषांतरित होत. रामचंद्रांनी ‘फवाइदुन्नाजिरीन’ आणि ‘मुहिब्ब-ए-हिंद’ ही नियतकालिके चालवली. त्यांतून विज्ञान, इतिहास, समाजसुधारणा यांवर साध्या उर्दूत लिहिले. मुंबईत बाळशास्त्री आणि दिल्लीत रामचंद्र : दोघेही गणिताचे शिक्षक, दोघेही पत्रकार, दोघांचाही असा विश्वास, की नवे ज्ञान आपल्या भाषेत उतरले नाही तर ते आपले होणार नाही. १८५२ साली रामचंद्रांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८५७ च्या उठावात त्यांच्याबरोबर दीक्षा घेतलेले डॉ. चमनलाल दिल्लीत मारले गेले. रामचंद्र शहरातून निसटले म्हणून वाचले. पुढे रुडकी, पुन्हा दिल्ली आणि शेवटी पतियाळा संस्थानचे शिक्षणखाते, असा त्यांचा प्रवास झाला. १८८० साली त्यांचे निधन झाले. उर्दूत गणिताची असंख्य पुस्तके आणणारे मौलवी जकाउल्ला हे त्यांचे विद्यार्थी.

अशा माणसाने अवकलन माहीत असताना ते बाजूला का ठेवावे? त्याचे उत्तर पुस्तकाच्या हेतूतच आहे. भारतीय विद्यार्थ्याच्या परंपरेत बीजगणित आहे. भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ त्याचे साक्षी. त्या परिचित वाटेनेच त्याला नव्या शास्त्राच्या अंगणापर्यंत नेता आले तर परकेपणाची भीती मोडेल, अशी रामचंद्रांची भूमिका होती. म्हणून त्यांनी एक अट स्वतःवर घालून घेतली : वर्गसमीकरणाच्या पलीकडचे काही वापरायचे नाही.

त्यांच्या रीतीचा गाभा असा. जी राशी महत्तम करायची आहे तिला एक नाव द्यावे आणि समीकरण मांडावे. ते वर्गसमीकरण असेल तर त्याच्या उत्तरात वर्गमूळ येते. वर्गमुळाखालची राशी, म्हणजे विवेचक, ऋण झाली की उत्तर अशक्य होते. तेव्हा विवेचक शून्य होण्याची सीमा तीच त्या राशीची सीमा. समीकरण तिसऱ्या घाताचे असेल तर त्यातून एक अवयव वेगळा काढून उरलेल्या वर्गसमीकरणाला तोच प्रश्न विचारावा.

सरांनी त्या दिवशी ग्रंथालयाच्या चिठ्ठीच्या पाठीवर आपला जुना पत्रा मांडला. चारचा गुणक बाजूला ठेवला, आणि क्ष गुणिले (९ − क्ष) चा वर्ग याला ‘स’ म्हटले. समीकरण तिसऱ्या घाताचे; त्याचे एक मूळ ‘ब’ मानले. उरलेल्या दोन मुळांचे वर्गसमीकरण लिहिले. त्यात दोन मुळांची बेरीज १८ वजा ब आली आणि गुणाकार (९ − ब) चा वर्ग आला. विवेचक काढला; तो बरोबर ब गुणिले (३६ − ३ब). हा ऋण होता कामा नये, म्हणजे ब बाराच्या पुढे जाता कामा नये. ब बारा असताना स ची किंमत १०८, आणि उरलेली दोन मुळे एकच : (१८ − १२) चे निम्मे, तीन. घनफळ चार गुणिले १०८, म्हणजे ४३२. अवकलनाचे चिन्हही न उमटवता उत्तर समोर आले होते.

सर त्या चिठ्ठीकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना अडवून धरले ते उत्तराने नव्हे, तर ‘दोन मुळे एकच’ या शब्दांनी. पेटीत ४३२ पेक्षा थोडा कमी माल मावावा असे म्हटले, तर ते दोन प्रकारे साधते : तीनहून कमी कापून उथळ, पसरट पेटी करावी, किंवा तीनहून अधिक कापून खोल, अरुंद पेटी करावी. अपेक्षा वाढवीत न्यावी तशी ही दोन मापे एकमेकांच्या जवळ येतात. आणि जेथे ती एकमेकांत मिळतात, तेथे महत्तम. सतराव्या शतकात पिएर द फर्माने महत्तमाची रीत शोधली ती याच जाणिवेतून, की शिखरावर दोन उत्तरांचे एक होते. आणि अवकलन शून्य होते तेही याच कारणाने. दोन जवळच्या मापांना घनफळ सारखेच असेल, तर त्यांच्यातला घनफळाचा फरक शून्य. ती मापे एकमेकांत मिळाली तरी ते शून्य उरते. सरांनी आकडे घालून पाहिले. एक सेंटिमीटरचा काप एका मिलिमीटरने वाढवला तर घनफळ २५६ वरून सुमारे २७४.६ होते, म्हणजे अठराहून अधिक घन सेंटिमीटरची वाढ. तीन सेंटिमीटरच्या कापात मात्र एका मिलिमीटरने अलीकडे किंवा पलीकडे गेले तरी अर्धा घन सेंटिमीटरसुद्धा गमावत नाही. कसबी माणसाच्या हातून होणारी बारीकशी चूक शिखरापाशी माफ होते. तीस वर्षे ‘शून्याशी समान ठेवा’ असे सांगणाऱ्या माणसाला त्या शून्यातले हे औदार्य प्रथमच दिसत होते.

आणि मग तो मुलगा आठवणे अपरिहार्य होते. त्याने दोन क्ष, नऊ वजा क्ष आणि नऊ वजा क्ष असे तीन भाग पाडले होते, आणि ते सारखे करावेत म्हटले होते. खालच्या इयत्तेत, परिमिती ठरलेली असेल तर आयतांत चौरसाचे क्षेत्रफळ सर्वांत मोठे, असे शिकवतात. तेथून तो हे शिकला असावा, आणि दोनांवरून तिघांवर त्याचा तोच गेला असावा. असमान असलेले दोन भाग सारखे केले की गुणाकार वाढतो. म्हणून जोवर असमानता आहे तोवर वाढीला जागा आहे. जेथे असमानता संपली तेथे वाढ संपली. विचार शुद्ध होता. परीक्षेच्या भाषेत तो मांडण्याइतकी भाषा त्याच्यापाशी नव्हती, आणि मराठीत मांडलेला विचार वाचण्याइतका वेळ परीक्षकापाशी नव्हता. १८५० साली दिल्लीच्या एका शिक्षकाने जे पुस्तकभर केले, तेच या मुलाने अर्ध्या पानात केले होते : नेमून दिलेले साधन बाजूला ठेवून आपल्या जवळच्या साधनाने शिखर गाठले होते. एकाच्या पुस्तकाला लंडनची आवृत्ती मिळाली. दुसऱ्याच्या पानावर तांबडी रेघ.

अर्थात रामचंद्रांनाही प्रथम रेघच मिळाली होती. कलकत्त्यात पुस्तकाचे स्वागत थंड झाले, टीकाही झाली. जे काम अवकलन सहज करते ते आडवाटेने करण्यात काय अर्थ, हा आक्षेप तेव्हाही सुचण्यासारखाच होता. पण मुलींच्या शिक्षणासाठी कलकत्त्यात शाळा काढणाऱ्या ड्रिंकवॉटर बेथून यांच्यामार्फत पुस्तक लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे गेले. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेल्या या गणितज्ञाचा जन्म १८०६ सालचा, मदुरेचा. त्यांनी पुस्तक आडवाटेचे म्हणून टाकून दिले नाही. ती वाट कोठून निघाली आहे ते पाहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे त्यांनी त्याचे महत्त्व मांडले, लंडनच्या आवृत्तीला दीर्घ प्रस्तावना लिहिली. रामचंद्रांना कंपनीकडून २००० रुपये आणि खिलत मिळाली. डी मॉर्गन यांच्या लेखनात राज्यकर्त्या समाजाचा वरचा सूर नाही असे नाही. भारतीय बुद्धीला आपल्या मार्गाने पुन्हा जागे करण्याची भाषा बोलणारा माणूसही, ती झोपली आहे हे गृहीत धरूनच बोलत असतो. शिवाय ती आशा सफळ झाली नाही. रामचंद्रांचे पुस्तक पाठ्यपुस्तक झाले नाही. भारतीय विद्यार्थ्यांनी अवकलन थेट इंग्रजी पुस्तकांतून घेतले, आणि रामचंद्रांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले. तरीही एक गोष्ट राहते. अनोळखी रीतीचे उत्तर हाती आल्यावर त्यावर रेघ ओढण्यापूर्वी ते शेवटपर्यंत वाचणारा एक परीक्षक रामचंद्रांना मिळाला होता.

साहित्याच्या परीक्षणातही हा प्रसंग नवा नाही. लक्षणग्रंथ हाती घेऊन बसलेल्याला लक्षणात न बसणारी कृती दोषपूर्ण दिसते. आणि लक्षणे मुळात कृतींवरूनच बांधली गेली, याचा विसर पडतो. नियम नको, असा याचा अर्थ नव्हे. नियम नसेल तर चांगल्या-वाइटाचा निवाडा मर्जीवर जाईल. पण नियम हा जे पाहायचे त्याकडे नेणारा रस्ता आहे. जो दुसऱ्या रस्त्याने तेथे पोचला आहे त्याला परत पाठवण्याचा तो हुकूम नव्हे. सरांना अवकलन येत होते, ते उत्तम शिकवताही येत होते. फक्त ते कशाचे साधन आहे हे पाहण्याची गरज त्यांना तीस वर्षांत पडली नव्हती. ती गरज त्या मुलाच्या पानाने १९८४ सालीच निर्माण केली होती.

मुलाचा पत्ता आता मिळण्यासारखा नव्हता. नावही सरांना अर्धेच आठवत होते. तरी घरी आल्यावर त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि मुलाचे उत्तर आठवेल तसे, त्याच्याच मराठी वाक्यासह, पुन्हा लिहून काढले. मग चष्मा पुसून ते तपासायला बसले. सूत्राची मांडणी बरोबर, एक गुण. तीन भाग आणि त्यांची कायम बेरीज, दोन गुण. क्ष आणि घनफळ, एक गुण. पाचव्या गुणापाशी ते थांबले. असमान भाग सारखे केल्याने गुणाकार वाढतो हे खरे. पण एवढ्याने, सर्वांत मोठा गुणाकार मुळात असतोच, हे सिद्ध होत नाही. वाढ कोठेतरी थांबते हे मुलाने गृहीत धरले होते. रामचंद्रांच्या विवेचकाने ती फट बुजते. अवकलनाच्या शिडीत ती बुजवण्यासाठी टोकांचाही विचार करावा लागतो, आणि तो सरांनी स्वतः फळ्यावर कधी केला नव्हता.

त्यांनी तो गुण दिला नाही. समासात पाचपैकी चार असे लिहिले, आणि त्याखाली, बारीक अक्षरात, पाचवा का दिला नाही ते मराठीत तीन ओळींत समजावून सांगितले.